कुंड्या आत घ्या

मोंतेव्हेर्नाचं स्टेशन खाली आणि मोंतेव्हेर्ना वर. मधे डोंगर. ज्यानं स्टेशन बांधलं त्याला कुणीतरी विचारायला हवं होतं, की बाबा, गाव एवढं वर असताना तू खाली कशाला थांबलास? पण रेल्वेला चढ मानवत नाही आणि गावाला उतरायची सवय नाही. दोघांनी आपापली जागा सोडली नाही. मधल्या वाटेचं काय ते ज्याचं त्यानं बघावं.

ती मधली वाट म्हणजे सेत्तिमियाचं सगळं आयुष्य.

सेत्तिमिया म्हणजे सातवी. सहा मुली झाल्यावर आईबापाला मुलगा हवा होता, तर ही आली. बाप आन्सेल्मो स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांच्या पेट्या खेचरावर लादून वर आणायचा. त्यानं बाळाचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "मुलगा नाही तर नाही. देवानं दिलीय, खेचर तरी हाकेल." नाव शोधायच्या भानगडीतही तो पडला नाही. मोजल्यावर जो आकडा आला तेच नाव ठेवलं.

आणि पोरीनं खेचर हाकलं. शाळेतून आली की पाटी-दप्तर टाकून ती बापाबरोबर ऑलिव्हच्या बागांमधल्या पायवाटेनं खाली जायची आणि खेचराची शेपूट धरून वर यायची. खेचराच्या गळ्यात पितळेची घंटा होती. वेशीत शिरताना ती वाजली की चौकातल्या खानावळीची मालकीण सूप गरम करायला ठेवायची, कारण पेट्यांमागून पाहुणे येणार. आन्सेल्मो मुलीला सांगायचा, "चढाला घाई दाखवू नये. चढ खाष्ट सासूसारखा असतो. तुझी घाई दिसली, की तो आणखी दोन कामं लावतो."

पुढे डांबरी रस्ता झाला, छोटी बस आली आणि खेचर गेलं. आन्सेल्मो चौकातल्या बाकावर बसून त्या बसकडे सवतीकडे बघावं तसा बघायचा. आणि त्याच बसचा जुना ड्रायव्हर कंबरदुखीनं घरी बसला, तेव्हा अर्ज केला तो नेमका सातवीनं. कंपनीतले लोक हसले, म्हणाले, बाई, हा सपाटीवरचा रस्ता नव्हे. ती म्हणाली, "मला सपाटीवरचा येतच नाही." तिची परीक्षा घ्यायला आलेला माणूस वळणावळणांवर डोळे मिटून बसला होता. वर आल्यावर त्यानं डोळे उघडले आणि सही केली.

पहिल्या दिवशी आन्सेल्मो बसची तिकिटं विकणाऱ्या स्टेशनवरच्या बारमधून रीतसर तिकीट घेऊन, त्यावर गाडीतल्या यंत्रात शिक्का उमटवून मुलीच्या पाठीमागच्या बाकावर बसला. चौक येईपर्यंत चकार शब्द बोलला नाही. उतरताना म्हणाला, "खेचर बरं होतं. पण तू बरी हाकतेस." याहून मोठं कौतुक त्यानं कधी कुणाचं केलं नव्हतं. तो गेल्यावर खेचराची घंटा सेत्तिमियानं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून ठेवली. तिचा नवरा एलिओ तेलाच्या घाण्यावर कामाला. तो अधूनमधून ती घासून लखलखीत करायचा आणि पुन्हा खिळ्याला लावायचा.

सेत्तिमियाची गाडी चालवायची रीत गावाला पाठ होती. आगगाडी उशिरा येणार असली, की ती इंजिन बंद करून थांबायची. कंपनीचं वेळापत्रक निराळं सांगत असे, पण खाली उतरलेल्या म्हातारीला समोर बस दिसण्याऐवजी तिचा धूर दिसावा, हे तिच्यानं होत नसे. खालच्या औषधाच्या दुकानातल्या पुड्या, दुरुस्त झालेले बूट, विसरलेल्या छत्र्या, एकदा तर अंड्यांवर बसलेली कोंबडी, असं सगळं तिच्या आसनामागून वर जायचं. तिसऱ्या वळणावर कोनाड्यात मारिया माऊलीची छोटी मूर्ती आहे. तिथे ती एक हात सोडून छातीवर क्रूस करायची. परगावचे उतारू दचकून बाकाला धरायचे.

"बाई, दोन्ही हात चाकावर ठेवा हो!" कुणी ओरडायचं.

"माझा एक सुटला की तिचा एक लागतो," सेत्तिमिया म्हणायची. "इतकी वर्षं आमचं असंच चाललंय."

वळणं संपली, की दगडी वेस. वेशीच्या आत गल्ली, गल्ली संपली की चौक. चौकात देऊळ, कारंजं, टपाल, खानावळ. गाव म्हणजे तेवढंच, पण गल्लीतला चढ असा, की वेशीपाशी उतरून चौकापर्यंत चालत जाणं म्हाताऱ्या माणसाला जमायचं नाही.

गल्लीत वेशीला लागूनच सगळ्यात अरुंद जागा. तिथे समोरासमोर दोन घरं, डावीकडे इनेसचं आणि उजवीकडे देल्फिनाचं. दोघी नणंद-भावजया. देल्फिना म्हणजे इनेसच्या मेलेल्या भावाची बायको. भाऊ होता तोवर रविवारी एकाच टेबलावर जेवणं व्हायची. भाऊ गेला, आणि दिवसकार्य संपायच्या आत म्हाताऱ्या आईचं तांब्याचं पातेलं इनेसनं उचलून आपल्या घरी नेलं. इनेसचं म्हणणं, माझ्या आईचं. देल्फिनाचं म्हणणं, सासूनं मला स्वतःच्या हातानं दिलेलं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला. समोरासमोर दारं, सकाळ-संध्याकाळ एकमेकींचं तोंड दिसणार, आणि तरी दोघींच्या नजरा अशा, की जणू समोर नुसती भिंत आहे.

आणि दोघींच्या दारात जिरेनियमच्या कुंड्या. मोंतेव्हेर्नात दारातली कुंडी ही नुसती कुंडी नसते. उंबऱ्याबाहेर जेवढ्या जागेत तुमची कुंडी उभी, तेवढी जागा तुमची. कुंडी मागे सरली की समोरच्याचा बाक पुढे आला म्हणून समजा. म्हणून लोक फरशीवर खूण कोरून ठेवतात आणि झाडून काढलं की कुंडी बरोबर खुणेवर परत. वर्षातून एकदाच सगळ्या कुंड्या घरात जातात, ऑगस्टात, गावच्या संताची, सान रोक्कोची पालखी निघते तेव्हा. देवळाचा सेवेकरी क्विरिनो घंटा वाजवत पुढे चालतो आणि त्याच्या मागून संताची मूर्ती येते, हातात काठी, मांडीवर जखम, पायाशी कुत्रा. घंटा कानावर आली की बायका न बघता कुंड्या आत ओढतात. संतासाठी आत घेतलेली कुंडी ही हरलेली कुंडी धरत नाहीत. पालखी गेली की ती पुन्हा खुणेवर, आणि हक्क जिथल्या तिथे.

आता जुनी बस होती छोटी. वेशीत शिरताना दोन्ही बाजूंचे आरसे कान पाडल्यासारखे आत घेतले, की ती त्या कुंड्यांमधून अंग चोरून निघून जायची. पण गेल्या हिवाळ्यात ती जी बंद पडली ती पडलीच. कंपनीनं नवी पाठवली. गाडी फार देखणी, पायरी जमिनीला टेकलेली, आणि दारातून एक फळी बाहेर यायची, चाकांच्या खुर्चीतलं माणूस खुर्चीसकट आत घेण्यासाठी. एकच गोष्ट नडली. ती जुनीपेक्षा थोडी रुंद होती.

कंपनीचे तोझ्झी साहेब येऊन गल्ली बघून गेले. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का होता. म्हणाले, "चाचणी घेऊ. वेशीपासून चौकापर्यंत गाडी न थांबता, कशाला न घासता गेली, तर मार्ग चौकापर्यंत ठेवू. नाहीतर शेवटचा थांबा वेशीबाहेरच्या मैदानात. दर खेपेला खाली उतरून लोकांच्या कुंड्या हलवत बसायच्या असतील, तर त्याला मार्ग म्हणत नाहीत. आणि सिन्योरा, तसं झालं तर तुम्हाला सपाटीवरची गाडी देऊ. तुमचाही त्रास वाचेल."

घरी जाऊन सेत्तिमियानं एलिओला सांगितलं, "मला सपाटीवर घालणार आहेत." एलिओनं ताटातला पाव मोडता मोडता ठेवून दिला.

पण तिच्यापेक्षाही जास्त जीव टांगणीला लागला होता तो क्विरिनोचा. त्याची बायको पाल्मिरा पाय गेल्यापासून खाली स्टेशनजवळच्या वृद्धाश्रमात होती. हा रोज सकाळच्या बसनं खाली जायचा, तिला दुपारचं जेवण भरवायचा आणि परत यायचा. त्याचे स्वतःचे गुडघेही धड नव्हते. नवी गाडी आली त्या दिवशी त्यानं ती बाहेर येणारी फळी हात लावून पाहिली होती, दोनदा दाबून पाहिली होती, आणि म्हणाला होता, "सेत्तिमिया, हिच्यावरून माझी पाल्मिरा रविवारी चौकात येईल. घरी येईल गं ती."

आता तो पुढच्या बाकावर बसून विचारत होता, "मैदानात थांबली गाडी, तर?"

"तर खुर्ची गल्लीतून ढकलत न्यायची, काका."

"कुणी? मी?" तो आपल्या गुडघ्यांकडे बघून हसला. "मलाच कुणीतरी ढकलायला लागतं."

सेत्तिमियानं ठरवलं, आपणच जाऊन बोलावं. आधी ती इनेसकडे गेली. इनेस शेंगा सोलत दारात बसली होती.

"इनेस, चाचणीपुरत्या तेवढ्या कुंड्या आत घे ना. आणि पुढेही, गाडी यायच्या वेळेला."

"घेईन की. मी का नाही म्हणतेय? तिनं घेतल्या की लगेच घेते."

"अगं, दोघींनी एकदम घ्या."

"एकदम म्हणजे कसं? कुणीतरी आकडे मोजायचे का? आणि मी उचलली नि तिनं नाही उचलली, तर? उद्या तिचा बाक माझ्या उंबऱ्यावर येऊन बसेल. तुला ठाऊक नाही ती."

सेत्तिमिया गल्ली ओलांडून समोर गेली. देल्फिना खिडकीतून सगळं ऐकतच होती.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तू आधी घे."

"वा! पातेलं कुणी आधी उचललं होतं? तेव्हा नाही वाट पाहिली कुणी कुणाची. ज्याला आधी उचलायची सवय आहे, त्यानंच कुंडीही आधी उचलावी."

"देल्फिना, क्विरिनोकाकाचा तरी विचार कर. पाल्मिरा..."

"पाल्मिरासाठी मी रोज मेणबत्ती लावते," देल्फिना म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच खाली आला. "पण कुंडीचं निराळं."

नगराध्यक्षांना सांगून बघितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि मग बोलले, "बाई, इनेसचं गोत आणि देल्फिनाचं गोत मिळून अर्धं गाव होतं. मी एकीला हुकूम केला तर पुढल्या निवडणुकीला चौथाई गेलं. दोघींना केला तर अर्धं. तुम्हीच सांगा, काय करू?"

पालथ्या घड्यावर पाणी. सेत्तिमिया परत आली. चाचणीच्या आदल्या दिवशी तिसऱ्या वळणावर तिनं क्रूस केला, तेव्हा नेहमीसारखी थट्टा तिच्या तोंडून निघाली नाही. ती माऊलीला एवढंच म्हणाली, "उद्या जरा दोन्ही हात लाव."

चाचणीचा दिवस मे महिन्यातला, लख्ख. तोझ्झी साहेब आगगाडीनं आले, बारमध्ये उभ्या उभ्या कॉफी घेतली आणि गाडीत येऊन बसले. बाजाराहून परतणाऱ्या चार बायका चढल्या. आणि सेत्तिमिया दार लावणार, तेवढ्यात वृद्धाश्रमाच्या फाटकातून क्विरिनो येताना दिसला. त्याच्याबरोबर आश्रमातली परिचारिका, आणि तिच्या पुढ्यात चाकांच्या खुर्चीत, निळा रुमाल डोक्याला बांधलेली पाल्मिरा.

"काका, आज?" सेत्तिमिया म्हणाली. "आज चाचणी आहे. गाडी वर गेलीच नाही, तर हिला मैदानातून परत आणावं लागेल."

"मग परत आणू," क्विरिनो म्हणाला. "फळी काढ."

फळी बाहेर आली, खुर्ची आत गेली. पाल्मिराचे पाय गेले होते, जीभ शाबूत होती. ती तोझ्झी साहेबांना म्हणाली, "साहेब, जरा तिकडे सरका. मला खिडकी हवी. कितीतरी दिवस नुसती पिवळी भिंत बघतेय." साहेब मुकाट्यानं सरकले.

गाडी निघाली. सूर्यफुलांची शेतं मागे गेली, मग ऑलिव्हच्या बागा. पाल्मिरा प्रत्येक वळणाला नाव घेऊन भेटत होती. "हे आपल्या चुलत भावाचं झाड. हे का तोडलं? अरे देवा, कोनाड्याला रंग दिला कुणी, असा भगभगीत?" क्विरिनो मात्र उजवा हात कोटाच्या खिशात घालून बसला होता, आणि तो हात काही बाहेर काढत नव्हता.

वेशीपाशी नेहमीचा थांबा. तिथून पुढे चाचणी सुरू. सेत्तिमियानं आत नजर टाकली. दोन्ही दारांत कुंड्या होत्या. आज तर जास्तच लाल दिसत होत्या.

क्विरिनो उठला. "मला इथे उतरव."

"काका, कशाला? चढ आहे. बसा ना."

"उतरव म्हटलं ना."

"उतरव त्याला," पाल्मिरा खिडकीतून नजर न काढता म्हणाली. "सकाळपासून खिशात काहीतरी घेऊन बसलाय. मला वाटलं माझ्यासाठी केक आणलाय, तर तसंही दिसत नाही."

क्विरिनो उतरला, काठी टेकत गाडीच्या पुढे गेला आणि वेशीच्या कमानीखाली उभा राहिला. खिशातून त्यानं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. रुमाल सोडला. मग हात वर करून तो चालायला लागला, आणि सगळ्या गल्लीत घंटा घणघणली.

सान रोक्कोची घंटा. मे महिन्यात.

सेत्तिमियाला वाटलं, हे पाप होतंय की काय. पण पाय आपोआप हलले आणि गाडी त्याच्यामागे निघाली, त्याच्या पावलानं.

"हे काय चाललंय?" तोझ्झी साहेबांनी विचारलं.

"साहेब, गाडी चाललीय," सेत्तिमिया म्हणाली. "थांबलेली नाही."

डावीकडचं दार उघडलं. इनेसचे दोन हात बाहेर आले, तोंड अजून घराकडेच होतं, ती आतल्या कुणालातरी काहीतरी सांगत होती. हातांनी कुंडी धरली आणि आत ओढली. दुसरी. तिसरी. समोर देल्फिनाच्या कुंड्याही फरशीवर खरखरत आत निघाल्या. वरच्या घरांतून दारं उघडत गेली, खुर्च्या उचलल्या, उन्हाला ठेवलेली टोमॅटोच्या रोपांची पेटी आत गेली, मांजर आत गेलं. आयुष्यभराची सवय होती ती. हात आधी हलले, डोकं मागाहून आलं.

आधी आलं ते इनेसचं.

"अरे! आज कुठला सान रोक्को?" ती दारात येऊन ओरडली. "क्विरिनो! फसवतोस? देवाच्या घंटेनं फसवतोस?"

तोवर गाडीचं नाक दोन घरांच्या मध्ये आलं होतं. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा. इनेस उंबऱ्यात उभी होती आणि कुंडी तिच्या हाताशीच होती. ती बाहेर सरकवली असती तर संपलंच होतं. पण खिडकी हळूहळू इनेसच्या समोर आली. खिडकीत निळा रुमाल.

"इनेस," पाल्मिरा म्हणाली, "किती जाडी झालीस गं!"

इनेसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग तिनं कुंडी पायानंच आणखी आत लोटली.

पुढचा चढ खडा होता. चालत्या माणसाच्या वेगानं, भरली गाडी न थांबवता अशा चढावर न्यायची म्हणजे हात-पाय दोन्ही भरून येतात. पण सेत्तिमियाला खेचरामागून चालल्याची आठवण होती. चढाला घाई दाखवू नये. ती गाडीशी मनातल्या मनात बोलत राहिली. मात्र क्विरिनोचं पाऊल आखडत चाललं होतं. घंटेचा आवाज तुटायला लागला. एकदा तो भिंतीला हात लावून वाकला. गाडी थांबणार, असं सेत्तिमियाला वाटलं. तिचा पाय ब्रेकवर येऊन ठेपलाच होता.

मागून चपला वाजवत देल्फिना आली. गाडी आणि भिंत यांच्यामधून आडवी होऊन कशी निघाली ते तिलाच ठाऊक. तिनं क्विरिनोला एका बगलेत धरलं आणि त्याच्या हातातली घंटा घेऊन वाजवायला लागली.

"असं का बडवतेस?" दुसऱ्या बगलेतून आवाज आला. इनेस होती. "संताची घंटा आहे, शेळ्या नाही हाकायच्या."

देल्फिनानं तिच्याकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं असेल. "मग तू वाजव. उचलायची सवय तुलाच आहे."

"दे इकडे."

"नाही देत."

"बायांनो," मधे लोंबकळणारा क्विरिनो म्हणाला, "भांडा, पण चालत भांडा. मागे गाडी आहे."

अशी ती मिरवणूक चौकात आली. पुढे भांडणाऱ्या दोघी, त्यांच्यामधे म्हातारा, आणि त्यांच्यामागे न थांबता, न घासता सेत्तिमियाची नवी गाडी. कारंज्यापाशी तिनं ती उभी केली.

फळी बाहेर आली. पाल्मिरा खुर्चीतून चौकात उतरली. तिला आधी कारंज्याशी न्यायला लागलं. तिनं हात पाण्यात घातला, तसाच ठेवला. क्विरिनो शेजारी दगडावर बसून धापा टाकत होता.

"पाणी तेच आहे," ती म्हणाली. मग त्याच्याकडे बघून, "केक आणला असतास तर जास्त बरं झालं असतं." आणि ओल्या हातानं तिनं त्याचा गाल पुसला.

देवळाच्या दारात पाद्रीबाबा उभे होते. क्विरिनो कसाबसा उठला. "पाद्रीबाबा, तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही विचार केला असता, आणि तुमचा विचार होईतो ऑगस्ट उजाडला असता."

पाद्रीबाबांनी देल्फिनाच्या हातातली घंटा घेतली, घंटेचा लोलक बोटानं धरला. "सान रोक्को जन्मभर पायी हिंडला, मांडीवर जखम घेऊन," ते म्हणाले. "चढ काय असतो ते त्याला मी सांगायला नको. पण क्विरिनो, ही घंटा त्याची आहे. ही रोज मिळायची नाही."

"तोच तर माझा प्रश्न आहे," तोझ्झी साहेब म्हणाले. त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "गाडी गेली, मी डोळ्यांनी पाहिलं. आज उत्तीर्ण. पण उद्या? उद्या पुढे कोण चालणार?"

इनेस आणि देल्फिना जमिनीकडे बघत होत्या. घंटेशिवाय कुंडी उचलणं म्हणजे हरणं, आणि चौकात, सगळ्यांसमोर, हरते असं कोण म्हणणार? सेत्तिमियाला दोघींचंही कळत होतं. ती त्याच गल्लीत वाढली होती.

"जरा थांबा," ती म्हणाली आणि घराकडे निघाली. धावली म्हटलं तरी चालेल. परत आली तेव्हा तिच्या हातात खेचराची घंटा होती, एलिओनं घासून लखलखीत केलेली.

"ही माझ्या बापाची. हिच्यामागून सगळं गाव वर आलेलं आहे. पाद्रीबाबा, हिला सान रोक्कोच्या नावानं आशीर्वाद दिलात, तर ही त्याची होईल ना? मग ही वाजली, तर ती कुणासाठी वाजली?"

पाद्रीबाबांनी एकवार दोघी बायकांकडे पाहिलं. मग कारंज्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, पुटपुटले आणि घंटेवर शिंपडलं. पाणी सेत्तिमियाच्या मनगटावरून खाली ओघळलं. तिनं ते पुसलं नाही.

"आता मला विचाराल," इनेस म्हणाली, कुणी काही विचारलं नसताना, "तर संतासाठी मी कधीच आडवी आलेले नाही."

"मी तर कधीच नाही," देल्फिना म्हणाली.

तोझ्झी साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते कुणी पाहिलं नाही. पण मार्ग चौकापर्यंतच राहिला.

तेव्हापासून घंटा गाडीच्या आरशाशेजारी टांगलेली असते. वेशीत शिरताना सेत्तिमिया दोरी ओढते. दोन दारं उघडतात, कुंड्या आत जातात, गाडी जाते, कुंड्या पुन्हा बाहेर येतात, बरोबर खुणेवर, केसभरही मागे नाही. परगावचे उतारू मान वळवून बघत राहतात. पाल्मिरा रविवारी येते, खानावळीसमोर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण जाड झालं ते सांगते. पातेलं अजून इनेसकडेच आहे.

मग जानेवारीत एकदा इनेस तापानं अंथरुणाला खिळली. सेत्तिमियाला हे ठाऊक नव्हतं. सकाळची गाडी घेऊन ती वेशीत आली, दोरी ओढली. उजवं दार उघडलं. डावं उघडलं नाही. तिनं गाडी अगदी हळू केली, पुन्हा वाजवली. देल्फिनानं आपल्या कुंड्या आत घेतल्या, शालीनं डोकं झाकलं, गल्ली ओलांडली आणि नणंदेच्या कुंड्या एकेक करून उंबऱ्याच्या आत नेऊन ठेवल्या. मग गाडीला जायची वाट द्यायला ती तिथेच, इनेसच्या दारात, उभी राहिली.

चौकाकडे चढता चढता सेत्तिमियानं आरशात पाहिलं. देल्फिना खाली वाकली होती. इनेसची कुंडी ती बाहेर आणत होती, आणि बाहेर आणून, फरशीवरच्या खुणेतली धूळ हातानं झटकून, ती बरोबर त्या खुणेवर ठेवत होती.